सरदारकन्येचे लग्न आणि मांडवाबाहेरची माणसे

१

हदगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी वर्गात जिजाबाईंच्या लग्नाची गोष्ट सांगत होतो. सिंदखेडची रंगपंचमी, लखुजी जाधवरावांची सदर, बापाजवळ बसलेली लहानगी जिजा, मालोजी भोसल्यांसोबत आलेला शहाजी आणि दोन्ही पोरांनी एकमेकांवर उधळलेला रंग. मुलांना ही गोष्ट आवडते. सांगणाऱ्यालाही आवडते, कारण ती सोपी आहे. गोष्ट संपली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, जिजाऊला कुणी इचारलं होतं का?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. त्या मुलीच्या थोरल्या बहिणीचे लग्न त्याच वर्षी, ऊसतोडीची टोळी गावाबाहेर पडण्याआधी, घाईघाईने उरकले होते. हे मला नंतर कळले. ज्या प्रश्नावर मी हसलो तो इतिहासाचा नव्हता, तिच्या घरातला होता. खरे म्हणजे तो दोन्ही होता.

हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. जिजाबाईंचे थोरपण त्यांच्या कर्तृत्वात आहे. ते त्यांच्या लग्नावर अवलंबून नाही आणि त्या लग्नाची चिकित्सा केल्याने कमीही होत नाही. उलट, ज्या व्यवहारात आपल्या मताला जागाच नव्हती त्यातून वाट काढून त्या उभ्या राहिल्या, हे कळले तरच त्यांचे मोठेपण नीट कळते. आरती ओवाळणाऱ्यांना एवढे कष्ट नको असतात. आपल्याला ते केले पाहिजेत.

कथा-कादंबऱ्यांत आणि दूरदर्शनच्या मालिकांत मध्ययुगातल्या सरदारकन्येचे लग्न म्हणजे शालू, मशाली, सनई आणि महालाच्या सज्जातून नवऱ्या मुलाला चोरून पाहणारे डोळे असतात. ते जग कल्पित असो वा ऐतिहासिक म्हणवणारे असो, चित्र एकच. त्या चित्रात दोन गोष्टी कधी दिसत नाहीत. एक, त्या लग्नात जमिनीचा कोणता तुकडा कुणाकडून कुणाकडे गेला. दोन, त्या मांडवासाठी लाकूड कुणी फोडले.

२

आपली भाषा फार प्रामाणिक आहे. मराठीत इनाम देतात, वतन देतात, किल्ला देतात आणि मुलगीही देतात. क्रियापद एकच. 'मुलगी कुठे दिली?' असे आपण आजही विचारतो. देणारा आणि घेणारा ही दोन माणसे ठरली की मधली वस्तू बोलत नसते. धर्मशास्त्राने या देण्याला कन्यादान म्हणून पुण्य चिकटवले आणि सरंजामशाहीने त्याला राजकारणाचा भाव लावला.

दख्खनच्या इतिहासात हा भाव उघडपणे दिसतो. १५२४ साली बुऱ्हाण निजामशहा आणि इस्माईल आदिलशहा यांच्यात सोलापूरला भेट झाली. आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला दिली गेली. तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख आंदण म्हणून मिळणार, असे निजामशाहीकडचे लोक धरून चालले होते. किल्ला मिळाला नाही, आणि वर्षभरात मेहुणे-मेहुणे रणांगणात समोरासमोर आले. पुढे १५६४ च्या सुमारास हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली गेली. या वेळी मात्र सोलापूर खरोखर तिच्याबरोबर गेले. त्याच वेळी अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला, करून घेतली. आपल्या खेड्यात ज्याला साटेलोटे म्हणतात ते हेच. या साटेलोट्यातून जुळलेल्या युतीने जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरच्या रामरायाचा पराभव केला. म्हणजे तालिकोटच्या लढाईची पहिली तयारी तोफखान्यात झाली तशी जनानखान्यातही झाली.

हे झाले सुलतानांचे. त्यांच्या हाताखालचे मराठे सरदार, देशमुख, पाटील हेच गणित लहान पाटीवर मांडत होते. सुलतानाच्या लग्नात किल्ला असे, सरदाराच्या लग्नात परगणा असे, पाटलाच्या लग्नात शिवारातला मळा असे. पाटी लहान झाली तरी बेरीज-वजाबाकीचा नियम बदलत नाही.

आता सिंदखेडच्या गोष्टीकडे वळू. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. त्यांचे घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत असे. मालोजी भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती. त्यांची पत्नी फलटणच्या निंबाळकर घराण्यातली. तरी जाधवरावांच्या तोलाने ते घर लहान. बखरकार सांगतात, लखुजी रंगाच्या दिवशी हसत म्हणाले की, जोडा शोभतो. मालोजी तत्काळ उठले आणि जमलेल्या मंडळींना साक्षी ठेवून म्हणाले, सोयरीक झाली. जाधवरावांच्या घरात, विशेषतः त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईंना, हे मान्य नव्हते. आपल्या पदरच्या माणसाच्या घरी लेक द्यायची कशी? मग मालोजींना शेतात पुरलेले धन सापडले, शिपाई-प्यादे वाढले, निजामशहाने मोठी मनसब आणि जहागीर दिली. घरे बरोबरीची झाली आणि खुद्द सुलतानाने मध्ये पडून लग्न लावून दिले.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली असे अभ्यासक मानत नाहीत. ती पुष्कळ नंतर लिहिली गेली आहे. परंपरा जिजाबाईंचा जन्म १५९८ चा आणि लग्न १६०५ चे सांगते. त्या तारखांवरही एकमत नाही. परंतु माझ्या दृष्टीने गोष्ट खरी की खोटी हा मुद्दा दुय्यम आहे. ज्यांनी ती रचली आणि ज्यांनी ती ऐकली त्यांना सरदाराच्या मुलीचे लग्न असेच ठरते हे गृहीत वाटत होते. दंतकथा घटनेबद्दल खोटे बोलू शकते. रूढीबद्दल ती सहसा खोटे बोलत नाही.

त्या गोष्टीत बोलते कोण, ते मोजून पाहा. बाप बोलतो. नवऱ्याचा बाप बोलतो. सुलतान बोलतो. आईही बोलते, पण ती मुलीच्या वतीने बोलत नाही, घराण्याच्या इभ्रतीच्या वतीने बोलते. सात वर्षांची मुलगी फक्त रंग उडवते, आणि तेवढ्या एका खेळावर तिचा जन्म बांधला जातो. वर्गातल्या मुलीला पहिले उत्तर येथेच मिळते: नाही पोरी, विचारले नव्हते. विचारण्याची पद्धतच नव्हती.

३

लग्नाने दोन घरे जोडली जातात असे म्हणतात. सरदारी व्यवहारात ती जोडली जात ती मतलब असेपर्यंत. मतलब फिरला की त्या बाईच्या दोन्ही बाजूंना तलवारी उपसलेल्या असत. शिवभारतात खंडागळ्यांच्या हत्तीचा प्रसंग आला आहे. दरबार सुटताना हत्ती बेफाम झाला, त्यावरून हाणामारी झाली. लखुजींचा मुलगा दत्ताजी हा शहाजींचा चुलतभाऊ संभाजी याच्या हातून मारला गेला. संभाजीला लखुजींनी मारले. शहाजीही आपल्या सासऱ्याच्या हातून जखमी झाले. जिजाबाईंनी सुतक कुणाचे धरायचे? भावाचे, की दिराचे? बखरी आणि काव्ये या प्रश्नाजवळ थांबत नाहीत.

पुढे लखुजी काही काळ मोगलांकडे गेले आणि परत आले. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशहाच्या दरबारात त्यांची आणि त्यांच्या मुला-नातवांची कत्तल झाली. ज्या सुलतानशाहीच्या मध्यस्थीने लेकीचे लग्न लागले असे बखर सांगते, त्याच सुलतानशाहीच्या दरबारात बापाचे मुडदे पडले. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना शिवनेरीवर ठेवण्यात आले. शिवभारत सांगते, त्या किल्ल्याच्या अधिपतीची मुलगी जयंती ही शहाजींच्या थोरल्या मुलाला, संभाजीला, करून घेतली होती. म्हणजे एका सोयरिकीने उघड्यावर आलेल्या बाईला आसरा मिळाला तो दुसऱ्या सोयरिकीतून. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

या साखळीतली आणखी एक कडी सांगतो. शृंगारपूरच्या शिर्क्यांशी शिवाजी महाराजांनी साटेलोटे केले. शिर्क्यांची मुलगी जिऊबाई, म्हणजे येसूबाई, संभाजीराजांना करून घेतली आणि आपली मुलगी राजकुंवर गणोजी शिर्क्यांना दिली. महाराज वतनदारीच्या विरुद्ध होते. तरीही शिर्क्यांना त्यांनी कबूल केले होते की, राजकुंवरला मुलगा झाला म्हणजे दाभोळची देशमुखी त्याला देऊ. रयतेचा राजा म्हणून आपण ज्यांचा आदर करतो त्यांनाही या व्यवस्थेचा हा व्याकरणनियम पूर्ण मोडता आला नाही. एका मुलीच्या कुशीवर वतनाची अट लिहिली गेली. पुढे १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ मध्ये सुटल्या. तीस वर्षे. सरदारकन्या म्हणून मिळालेल्या मानाची किंमत अशीही द्यावी लागे.

कुणी म्हणेल, पण या बायकांच्या हाती सत्ताही होती. होती. आमच्या हदगावपासून जवळच असलेल्या माहूरच्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातल्या सावित्रीबाई घ्या. नवरा गेल्यावर त्यांनी जहागीर आणि फौज सांभाळली. औरंगजेबाने त्यांना रायबागन, म्हणजे शाही वाघीण, असा किताब दिला. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली तेव्हा त्या त्या फौजेत होत्या. शूर बाई होती यात शंका नाही. पण सत्ता हाती केव्हा आली ते पाहा. नवरा मेल्यावर, आणि घराण्याचे वतन राखण्यासाठी. किताब देणाऱ्याने वाघीण म्हटले. जंगल मात्र त्याचेच राहिले.

आणि गुलामीतून वर चढलेला माणूसही या नियमातून सुटला नाही. मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि आपणच गादीवर बसवलेल्या दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला त्याने आपली मुलगी दिली. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके याने लिहून ठेवले आहे की, सुलतानाच्या इराणी राणीने या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले, बापालाही शिव्या दिल्या, आणि त्यातून सुलतानाच्या जिवावर बेतले. राज्याचा कारभार हातात आला तरी जन्माची नोंद पुसली जात नाही. लग्नाच्या दारात ती हमखास विचारली जाते. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

४

आता खरा प्रश्न. जमीन आणि सत्ता यांच्यासाठी राजघराण्यांनी मुली वापरल्या हे जगभर झाले. युरोपच्या राजांनीही ते केले. मग आपल्याकडचे वेगळेपण कशात?

याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी दिले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यातला विचार असा. जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग. हे कोंडणे होते आपल्यातच लग्न करण्याच्या सक्तीने. ही सक्ती टिकवायची तर गटातल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला तर बायको 'जास्तीची' उरते. ती बाहेर लग्न करील ही भीती. म्हणून तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून जन्मभर कोंडा. बायको मेली तर पुरुष जास्तीचा उरतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो गटाच्या उपयोगाचा आहे. म्हणून त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून बायको काढा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या रूढी दिसतात. बाबासाहेबांनी दाखवले की ती एकाच कुलपाची तीन लिव्हरे आहेत.

हे कुलूप सरदारांच्या वाड्यालाही होते. जिजाबाईंचे लग्न बालवयात झाले. जानेवारी १६६४ मध्ये कर्नाटकात शहाजीराजे वारले तेव्हा त्या सती जायला निघाल्या होत्या आणि शिवाजी महाराजांनी त्यांना परावृत्त केले. १६८० साली महाराज गेल्यावर पुतळाबाई सती गेल्या. जहागिरीचे कागद बदलत राहिले, सुलतान बदलले, मोगल आले, स्वराज्य आले. कुलूप तेच राहिले.

म्हणजे सरदारकन्येच्या लग्नात दोन व्यवहार एकाच वेळी चालत. एक उघड: जमीन, मनसब, युती. दुसरा अबोल: कुळीची शुद्धता. पहिल्या व्यवहारात ती करारावरचा शिक्का होती. दुसऱ्यात ती दाराचे कुलूप होती. शिक्का आणि कुलूप दोन्ही मौल्यवान असतात, जपून ठेवले जातात, रेशमात गुंडाळले जातात. त्यांना कुणी मत विचारत नाही.

५

आता मांडवाबाहेर येऊ. माझ्या आजीने निजामाच्या राजवटीतले एक लग्न पाहिले होते. पाहिले म्हणणे चूक आहे. गावच्या मोठ्या वाड्यातली लेक दूरच्या तितक्याच मोठ्या घरी दिली होती. महिनाभर आधीपासून महारवाडा राबत होता. लाकूडफाटा आणायचा, फोडायचा, निरोप घेऊन गावोगाव पळायचे, पाहुण्यांच्या घोड्यांना चारा टाकायचा, रात्री मशाली धरायच्या. मजुरी नव्हती, तो 'धर्म' होता. मी लहानपणी तिला विचारले, नवरी कशी होती गं? ती म्हणाली, "नवरी कुठं बगायची बाबा. आमी लाकडं बगितली. जेवणं उठल्यावर टोपली पसरली."

ती टोपली पसरताना वाड्याच्या आत बसलेली नवरीही रडत असणार. तिलाही कुणी विचारले नसणार. पण दोघींची दुःखे एक नव्हती, हे विसरून चालणार नाही. एकीला भिंतीच्या आत कोंडले होते आणि दुसरीला त्याच भिंतीच्या बाहेर ठेवले होते. भिंत एक असली तरी आतल्या बाईच्या ताटात पुरणपोळी होती आणि बाहेरच्या बाईच्या टोपलीत तिचे उष्टे.

या दोघींच्या मध्ये तिसरी बाई होती. नवरीबरोबर सासरी जाणारी आंदणी दासी. मराठेशाही आणि पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी विकत घेतल्याच्या, कुणाला दिल्याच्या नोंदी आहेत. येथे कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, तर घरची गुलाम स्त्री. भांडी, पलंग, दागिने यांच्या यादीत ती बसे. तिच्या पोटी धन्यापासून झालेल्या पोरांना लेकावळे म्हणत. वारसा त्यांना नाही, राबणूक मात्र पिढ्यान्‌पिढ्या. सरदारकन्येला निदान बापाचे नाव आणि बखरीत एक ओळ मिळाली. या बाईचे नाव कुणी लिहिले नाही.

आणि आमच्याच समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली एक दंतकथा या साऱ्याचा अर्थ एका फटक्यात सांगते. बेदरच्या बादशहाची बेगम हरवली. तिला शोधून आणायला अमृतनाक महार निघाला. काही ठिकाणी त्याला अंबरनाक म्हणतात. निघण्यापूर्वी त्याने एक डबी मोहोरबंद करून बादशहाजवळ ठेव म्हणून दिली. त्याने बेगमेला सुखरूप परत आणले. दरबारात कुजबुज सुरू झाली: हा एकटा पुरुष, ती एकटी बाई, एवढी मोठी वाट. अमृतनाकाने डबी उघडायला सांगितली. त्यात त्याने स्वतःच कापून ठेवलेले त्याचे पुरुषत्व होते. बादशहा खूश झाला आणि त्याने महारांना बावन्न हक्क लिहून दिले.

ही कथा आमचे म्हातारे अभिमानाने सांगत. इमानाची कथा म्हणून सांगत. मला मात्र त्या डबीपाशी थांबावेसे वाटते. अमृतनाकाने ती आधीच भरून ठेवली. परत आल्यावर काय आरोप होणार, हे त्याला निघतानाच ठाऊक होते. वरच्या घरातल्या बाईला वाचवायला जाणाऱ्या अस्पृश्याने आधी स्वतःला संपवले पाहिजे, तरच त्याच्यावर विश्वास बसेल. कथा रचणाऱ्या आमच्या पूर्वजांना जातीची भिंत कशाने बांधली आहे हे विद्यापीठात न जाता कळले होते. त्या भिंतीचा चुना म्हणजे वरच्या स्त्रीवरची पाळत आणि खालच्या पुरुषाबद्दलची भीती.

बक्षीस काय मिळाले, तेही पाहावे. बावन्न हक्क. मेलेल्या ढोराचे कातडे, मढ्यावरचे कापड, खळ्यावरचा वाटा, लग्नाकार्यातला तुकडा. म्हणजे ज्याला हक्क म्हटले ती भीक मागण्याची सनद होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'तून महार वतनावर हल्ला चढवला आणि मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. सरदाराचे वतन आणि महाराचे वतन यांना एकच शब्द आहे. एकाने माणूस धनी होतो, दुसऱ्याने बांधील होतो.

६

ही सारी जुनी गोष्ट झाली, असे कुणी म्हणेल. हैदराबाद राज्यातल्या जहागिऱ्या १९४९ साली खालसा झाल्या. आता कुठला सरदार आणि कुठली सरदारकन्या?

मी ज्या गावांत फिरतो तेथून दिसते ते सांगतो. ऊसतोडीचा मुकादम उचल देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून हंगामाआधी पोरांची लग्ने उरकतात, आणि त्यांच्यासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुली लागतात. १९२९ चा शारदा कायदा आला, २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आला, तरी उचलीचा हिशेब चुकत नाही. मनसबीसाठी सात वर्षांची मुलगी देणे आणि उचलीसाठी पंधरा वर्षांची मुलगी देणे यांत अंतर आहे. पहिल्यात बाप मोठा होत होता, दुसऱ्यात बाप जगण्यासाठी धडपडतो आहे. म्हणून त्या बापाला शिव्या देऊन आपली सुटका होत नाही. पण मुलीला विचारले नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

जमिनीचे पाहा. मुलीला वारसा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्याचे हे एक प्रमुख कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये कायदे तुकड्यातुकड्यांनी झाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. कायदा आला आणि गावोगाव हक्कसोडपत्रे होऊ लागली. बहिणीला माहेरी बोलवायचे, लुगडे नेसवायचे आणि सही घ्यायची. पूर्वी मुलगी दिली की जमीन येत असे. आता मुलगी दिली की जमीन वाचवली जाते. शिक्का तोच आहे, फक्त आता तो तिच्याच हाताने मारून घेतात.

आणि भिंतीचे काय? २०१४ च्या एप्रिलमध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून तो मारला गेला, असा आरोप होता. २०१७ मध्ये खालच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. अमृतनाकाच्या डबीची कथा इतकी ताजी आहे.

आता आपल्या घरात पाहू. ते सर्वांत अवघड. आपल्या वस्त्यांतही हल्ली 'शाही विवाह' निघाले आहेत. भाड्याचा फेटा, भाड्याची तलवार, भाड्याचा घोडा, सिंहासनासारख्या दोन खुर्च्या, आणि त्यासाठी काढलेले कर्ज. ज्या मांडवाबाहेर आजीने टोपली पसरली त्या मांडवाची नक्कल करायला नातवाने सावकाराकडे जावे, याला काय म्हणावे? घोड्यावर बसण्याचा हक्क आपल्याला आहेच. वरातीसाठी रक्त सांडलेल्या आपल्या माणसांचे मोल मी जाणतो. पण हक्क मिळवणे वेगळे आणि सरदार होण्याची हौस वेगळी. दुसरे असे की, जातिअंतावर व्याख्यान देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याच्या घरी मातंगाची किंवा चर्मकाराची सून आणायची वेळ आली की कुळी, पाहुणे, समाज हे शब्द त्याच्याही तोंडी येतात. पोटजातीचा पत्ता बायोडेटात वेगळ्या रकान्यात असतो. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये दाखवलेले कुलूप आपण आपल्याही दाराला लावून ठेवले आहे.

पर्याय नव्हते असे नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाचे पहिले लग्न पुण्यात लागले, भटजीशिवाय. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू बोलते. स्त्रियांना स्वातंत्र्य नाही ही तक्रार ती नवऱ्याच्या तोंडावर करते आणि त्याच्याकडून शपथ घेते. सिंदखेडच्या गोष्टीत जी जागा रिकामी होती तेथे जोतीरावांनी नवरीला उभे केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले की, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. ऐकायला पंचवीस हजारांवर बाया जमल्या होत्या. आपल्या आज्या-पणज्यांतल्या काही जणी त्यांत असतील.

म्हणून लग्नाचा प्रश्न घरगुती नाही. जमीन कुणाची, श्रम कुणाचे, शरीर कुणाचे आणि जात कशावर उभी, हे सगळे प्रश्न मांडवात एकत्र येतात. मध्ययुगातल्या एका सरदारकन्येचे लग्न आपण समजून घ्यायचे ते याचसाठी. ती आपल्या वर्गाची नव्हती, आपल्या जातीची नव्हती. पण तिच्या तोंडावर ज्या हाताने बोट ठेवले त्याच हाताने आपल्या पूर्वजांच्या हातात टोपली दिली.

त्या मुलीला मी वर्गात परत गाठू शकलो नाही. ती पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. आता मी तो धडा वेगळ्या तऱ्हेने शिकवतो. रंगपंचमीची गोष्ट सांगून झाली की मीच मुलांना विचारतो: या गोष्टीत कोण कोण बोलले? मुले बोटांवर मोजतात. मग मी विचारतो: कोण बोलले नाही? वर्ग गप्प होतो. पहिली मुलगी हात वर करते, मग दुसरी. त्यांची उत्तरे मी फळ्यावर लिहितो. सगळ्यांत वर एक उत्तर नेहमी असते. नवरी.

त्याच्या खाली मी स्वतःच्या हाताने एक उत्तर लिहितो. लाकडे फोडणारी.